'माझी मैना' : एका छक्कडीचा प्रवास

गेल्या काही वर्षांत एका गोष्टीचे आम्हांला फार नवल वाटू लागले आहे. लग्नाचा हॉल असो, गणेशोत्सवाचा मंडप असो की एखाद्या संस्थेचे स्नेहसंमेलन असो, 'लोकगीतांचा कार्यक्रम' म्हटला की 'माझी मैना' हमखास होते. गायक ताल धरतो, लोक टाळ्या देतात, मैनेच्या रूपाचे वर्णन रंगते, शिट्ट्या पडतात आणि दोन-तीन कडव्यांनंतर गाणे संपते. निवेदक सांगतो, "मंडळी, ही होती आपली एक पारंपरिक लावणी!" आणि कार्यक्रम पुढच्या गाण्याकडे वळतो.

ही लावणी पारंपरिक नाही. तिला कवी आहे. तिला पहिला गायकही आहे. ती जिथे थांबवली जाते तिथे ती संपत नाही. किंबहुना तिला जे सांगायचे आहे ते त्या टाळ्यांनंतरच सुरू होते. कवीचे नाव अण्णाभाऊ साठे. ज्या आवाजाने ती मुंबईच्या मैदानांवरून महाराष्ट्रभर पोचवली त्या आवाजाचे नाव शाहीर अमर शेख. एक वाळवे तालुक्यातल्या वाटेगावच्या मांगवाड्यातला, दुसरा बार्शीच्या मुसलमान कुटुंबातला. या दोघांची गाठ मुंबईच्या कामगार चळवळीत पडली नसती तर हे गाणे झालेच नसते. म्हणून या छक्कडीचा इतिहास आमच्या वार्षिकाच्या वाचकांपुढे ठेवावा, असे मनात आले.

गाव सुटलेल्यांचे गाणे

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२०चा. वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी ते वडिलांबरोबर गावाहून पायी चालत मुंबईला आले. शाळेचे तोंड त्यांनी जेमतेम पाहिले होते. मुंबईत त्यांनी हमाली केली, फेरी केली, गिरणीत झाडूवाल्याचे काम केले. अक्षरओळख झाली ती दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचून. वाळवे तालुक्यानेच त्यांच्या आधी मुंबईला आणखी एक मोठा लावणीकार दिला होता. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव. बापूरावांनी मुंबईच्या थाटामाटाची, तिच्या वैभवाची लावणी रचली. अण्णाभाऊंनी पुढे त्याच विषयावर 'मुंबईची लावणी' लिहिली आणि त्या वैभवाची दुसरी बाजू उलगडून दाखवली. वर मलबार हिल आणि खाली परळ, एकीकडे विलास आणि दुसरीकडे घाम. 'माझी मैना' समजून घ्यायची तर ही आधीची लावणी ध्यानात ठेवली पाहिजे. कारण या दोन्ही गीतांतली मुंबई एकच आहे.

त्या मुंबईचे गणित सरळ होते. गिरणीत काम होते, पण बायकामुलांसह राहायला जागा नव्हती. कोकणातून, साताऱ्या-सांगलीकडून, घाटावरून माणूस यायचा तो एकटा. लालबाग-परळच्या चाळींत एकेका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा माणसे राहत. पाळीप्रमाणे झोपत. दिवसपाळीचा उठला की त्याच जागी रातपाळीचा आडवा व्हायचा. जेवण खानावळवालीकडे. पगार झाला की मनिऑर्डर गावाकडे. बायको गावी, शेताच्या तुकड्याशी आणि सासूसासऱ्यांशी बांधलेली. होळी-गणपतीला किंवा जत्रेला आठ-पंधरा दिवसांची गाठभेट, आणि पुन्हा भोंगा. हजारो घरांची हीच कथा होती.

आमच्या घरचीही हीच होती. आमचे अब्बा कऱ्हाडकडचे. लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. गावकीच्या खोलीत ते राहत. त्या खोलीत मराठे होते, धनगर होते, एक न्हावी होता आणि आमचे अब्बा व त्यांचे चुलतभाऊ असे दोन मुसलमान. पलीकडे मदनपुऱ्यात उत्तरेकडून आलेले मोमीन विणकरही गिरण्यांच्या साचेखात्यांत काम करीत. त्यांची भाषा उर्दू, पण दुःख तेच. त्यांच्या मैना आणखी लांब राहिल्या होत्या. अम्मी मुंबईला प्रथम आली तेव्हा तिच्या लग्नाला अकरा वर्षे झाली होती.

लाल बावटा आणि त्याचे शाहीर

अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६, बार्शी. आईचे नाव मुनेरबी. लोकगीतांचा वारसा त्यांना या आईकडूनच मिळाला. जात्यावरची ओवी मुसलमान घरातही तितक्याच सहजपणे म्हटली जाते हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. मेहबूबने मोटारीवर क्लीनरचे काम केले, बार्शीच्या गिरणीत काम केले, संपात पुढाकार घेतला, स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंग पाहिला. मग कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या चित्रसंस्थेत काही काळ काढला. 'अमर शेख' हे नाव तिथले.

१९४०च्या दशकातली गिरणगावची हवा आज कल्पनेनेच उभी करावी लागते. गिरगावात, खेतवाडीत सँडहर्स्ट रोडवर, राजभुवनात कम्युनिस्ट पक्षाचे मुख्य कार्यालय होते. परळला दळवी बिल्डिंगमध्ये गिरणी कामगार युनियन. २५ मे १९४३ रोजी मुंबईतल्या मारवाडी विद्यालयाच्या सभागृहात इप्टाची, म्हणजे भारतीय जननाट्य संघाची स्थापना झाली. त्याच वर्षी अण्णाभाऊंनी 'स्टालिनग्राडचा पोवाडा' लिहिला. १९४४ साली अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी मिळून लाल बावटा कलापथक उभे केले. लिहिणारा, गाणारा आणि दोन्ही करणारा असे हे त्रिकूट. ढोलकी, डफ, तुणतुणे, झांज आणि चार धडधाकट गळे एवढ्या सामग्रीवर हे पथक चाळींच्या चौकात उभे राही.

अण्णाभाऊंनी तमाशाचा साचा घेतला, पण गण-गौळणीच्या जागी कामगाराला वंदन आणले आणि वगात सावकार, शेटजी, पुढारी यांना उभे केले. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन' ही त्यातली गाजलेली नावे. फाळणीच्या दंगलींवर त्यांनी 'पंजाब-दिल्लीचा दंगा' लिहिला. ज्या दिवसांत माणसे नाव विचारून सुरा काढीत होती, त्या दिवसांत एक मातंग कवी आणि एक मुसलमान गायक एका पथकात उभे राहून माणुसकी सांगत होते. पुढे मुंबई सरकारने या पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. तमाशाला बंदी म्हणून त्याला 'लोकनाट्य' म्हणायचे, असा मार्ग निघाला. नाव बदलले, गाणे थांबले नाही.

इथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. मराठी शाहिरीत मुसलमान हा पाहुणा कधीच नव्हता. पेशवाईच्या अखेरच्या काळातला थोर लावणीकार सगनभाऊ हा जेजुरीचा, शिकलगार मुसलमान. त्याच्या लावण्या पुण्याच्या रसिकांनी डोक्यावर घेतल्या. अमर शेख हे त्या परंपरेचे वारस. त्यांना मराठीत यावे लागले नाही, ते मराठीतच होते.

छक्कड कशी घडली

छक्कड हा लावणीच्याच घराण्यातला प्रकार. चाल उडती, यमके दाट, शब्द एकामागून एक धावणारे. तमाशाच्या बोर्डावर ती रंगते. अण्णाभाऊंनी हा प्रकार निवडला तो जाणूनबुजून. संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन पेटलेले होते. ऑक्टोबर १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि मुंबईसह महाराष्ट्र मिळत नाही हे स्पष्ट झाले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार झाला, १५ माणसे गेली. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा होताच गिरणगाव रस्त्यावर आले आणि पुन्हा गोळ्या चालल्या. साऱ्या लढ्यात शंभराहून अधिक हुतात्मे झाले. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विशाल द्विभाषिक राज्य आले. मराठी माणसाच्या मनाचा दाह शमला नाही. छक्कडीच्या अखेरच्या भागात फाउंटनच्या झुंजीचा उल्लेख आहे. म्हणजे ती त्या रक्तपातानंतरची, त्या धगीतली रचना आहे.

तिची बांधणी पाहण्यासारखी आहे. पहिल्या भागात मैना आहे. तिचा गव्हाळ रंग, तिचा बांधा, तिचे बोलणे, तिचे दागिने. इथे कवी अस्सल तमाशातला आहे, शृंगाराला तो लाजत नाही. दुसऱ्या भागात ताटातूट. ती व्हायला कारण दैव नाही, सासू नाही, गरिबी आहे, हे कवी स्वच्छ सांगतो. नवरा दागिन्यांचे आमिष दाखवतो, तिला दागिने नकोत, तिला तो हवा आहे. तिसऱ्या भागात मुंबई येते. यंत्रे, हडसन मोटारी, नायलॉन-जॉर्जेटच्या साड्या, जगणारे आणि मरणारे. शेंडीवाला आणि दाढीवाला यांना कवी एकाच दमात मुंबईचे म्हणतो. आणि मग चौथा भाग. जशी माझी आणि मैनेची ताटातूट, तशीच या तुटलेल्या महाराष्ट्राची गत. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही आपली माणसे परक्या अमलाखाली. इथे छक्कडीचा पोवाडा होतो.

जुन्या विरहाच्या लावणीत बोलते ती बहुधा बाई. तिचा शिपाईगडी मोहिमेवर गेलेला असतो आणि ती दारात झुरत असते. अण्णाभाऊंनी ते उलटे केले. इथे झुरतो तो पुरुष. मोहीम लढाईची नाही, पोटाची आहे. उत्तरेकडच्या स्वारीऐवजी गिरणीची पाळी आहे. लावणीच्या इतिहासात ही फार मोठी उलथापालथ आहे, आणि ती करताना कवीने परंपरेचा एकही टाका उसवू दिलेला नाही. मैदानात बसलेल्या कामगाराला प्रथम आपली बायको आठवते, त्याचा गळा दाटतो, आणि त्या दाटल्या गळ्यातच त्याला सीमाभाग समजतो. नकाशा दाखवून जे पटले नसते ते मैनेने पटवले.

ध्वनिमुद्रिकेशिवायची लोकप्रियता

अमर शेख यांनी हे गीत समितीच्या सभांतून गायले. शिवाजी पार्क, चौपाटी, परळचे कामगार मैदान, नरे पार्क, वरळीचे जांबोरी मैदान ही त्या लढ्याची सभागृहे. अत्रे, डांगे, एस. एम. यांची भाषणे होण्याआधी शाहीर उभे राहत. अमर शेख, गव्हाणकर, आत्माराम पाटील, शाहीर साबळे अशी ती पिढी. अब्बा सांगत की अमर शेखांचा आवाज पहाडी होता, कर्ण्यातून आला नाही तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा. आचार्य अत्र्यांनी त्यांना 'महाराष्ट्राचा मायकोव्हस्की' म्हटले ते उगाच नव्हे.

दुसऱ्या दिवशी खात्यात साच्यांच्या खडखडाटात तेच गाणे सुरू होई. खानावळीत, गच्चीवर, गावी जाणाऱ्या एस.टी.त ते पोचले. आमच्या गावी ते गाणे रेडिओने आणले नाही, ग्रामोफोननेही नाही. सुट्टीला आलेल्या गिरणी कामगारांनी आणले.

याचे कारण समजून घेतले पाहिजे. भारतात ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात सुरू झाले. लवकरच मराठी नाट्यपदे, भजने, पोवाडे, लावण्या लाखेच्या तबकड्यांवर आल्या. वडाळ्याला 'यंग इंडिया' ही देशी कंपनीही तबकड्या काढीत होती. पण ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपते. त्या मापात 'माझी मैना' कशी बसणार? पहिल्या बाजूला मैनेचे रूपसुद्धा पुरे होत नाही. शिवाय तबकडी घेणारा वेगळा, मैदानात बसणारा वेगळा. चाळीतल्या पंधरा जणांच्या खोलीत ग्रामोफोन कुठून येणार?

त्याच काळात तबकडीवर लावणी भरभराटीला आली, पण ती चित्रपटाची. गिरगावच्या फणसवाडीत वाढलेल्या सुलोचना चव्हाण यांनी १९६२च्या 'रंगल्या रात्री अशा'पासून लावणीच्या तबकड्यांचे युगच गाजवले. त्यांचा आवाज थोर, त्यात शंका नाही. पण 'लावणी म्हणजे शृंगार, आणि तो बाईच्या तोंडचा' हा समज त्या यशाने श्रोत्यांत पक्का झाला. घामाची, मोर्चाची, पुरुषाच्या विरहाची लावणी त्या दुकानात मांडायला जागा नव्हती.

खुद्द अमर शेखांच्या बाबतीत एक गोष्ट मन विषण्ण करते. १९६१च्या 'प्रपंच' या गाजलेल्या चित्रपटात त्यांनी भूमिका केली. त्या चित्रपटातली गाणी गदिमांची, संगीत सुधीर फडक्यांचे, आणि आज घराघरात आठवतो तो आवाजही फडक्यांचाच. ती गाणी अजोड आहेत. पण ज्याच्या गळ्याने मैदाने हलवली त्याचा चेहरा पडद्यावर राहावा आणि कानात आवाज दुसऱ्याचा राहावा, हा योग विचित्र खरा.

दोन गीते, दोन वाटा

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. त्या मुहूर्ताचे गीत म्हणून राजा बढे यांचे 'जय जय महाराष्ट्र माझा' श्रीनिवास खळे यांच्या संगीतात, शाहीर साबळे यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाले. तबकडी निघाली, आकाशवाणीवर वाजली, शाळाशाळांत पोचली. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने त्या गीताला राज्यगीताचा दर्जा दिला. मूळ गीतातले दोन चरण घेऊन १ मिनिट ४१ सेकंदांचे अधिकृत रूप ठरले. साबळे यांच्या गायकीचा हा योग्यच गौरव आहे आणि आम्हांला त्याचा आनंद आहे.

पण दोन गीते शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत. एक विजयाचे, दुसरे वेदनेचे. एक ध्वनिमुद्रिकेच्या मापात बसणारे, दुसरे त्यात न मावणारे. विजयाचे गीत राज्याने आपलेसे केले. वेदनेचे गीत लोकांच्या तोंडी राहिले, आणि तोंडी राहिलेल्या गोष्टीचे जे होते ते त्याचे झाले. ते कापले गेले, आणि रचणाऱ्याचे नाव गळून पडले. डांग आणि उंबरगाव गुजरातेत गेले, बेळगाव-कारवार तेव्हाच्या म्हैसूर राज्यात राहिले. सीमाप्रश्नावर महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तो २००४ साली. म्हणजे छक्कडीचा जो भाग आज कुणी गात नाही, तोच भाग अजून संपलेला नाही!

१९६९ हे वर्ष या गाण्याला पोरके करून गेले. १८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ गेले. त्यानंतर अवघ्या ४२ दिवसांनी, २९ ऑगस्ट १९६९ रोजी, इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. कवी एकूणपन्नासाव्या वर्षात आणि गायक त्रेपन्नाव्या वर्षात. कॅसेटचे युग यायला अजून दहा वर्षे होती.

उमपांचा आवाज आणि कॅसेटचे कव्हर

पुढे या गीताला आधार दिला तो शाहीर विठ्ठल उमप यांनी. १५ जुलै १९३१ रोजी नायगावात जन्मलेले उमप हे मुंबईच्या चाळींचेच अपत्य. आंबेडकरी जलशाच्या परंपरेत वाढलेला तो गळा. 'माझी मैना'चे आज सर्वांत जास्त ऐकले जाणारे ध्वनिमुद्रण त्यांच्या आवाजातले आहे. त्यांच्या गाण्यात तमाशाचा ठसका आहे आणि जलशाची निष्ठाही आहे. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला व्यासपीठावरच त्यांची प्राणज्योत मालवली. मातंग कवी, मुसलमान गायक आणि त्यानंतर बौद्ध गायक! महाराष्ट्राचे ऐक्य याहून वेगळे काय असते?

कॅसेट आल्या तेव्हा लांबीची अडचण सुटली. अर्धा-अर्धा तास एका बाजूला. वाटले, आता छक्कड पुरी ऐकायला मिळेल. एकदा फोर्टच्या पदपथावर आम्ही लोकगीतांची एक कॅसेट घेतली. कव्हरावर 'माझी मैना' हे नाव पाहून घेतली. घरी येऊन लावली तर चार मिनिटांत मैना आटोपली होती. ऑर्गनचे सूर मधे घातले होते. फाउंटन नव्हते, बेळगाव नव्हते. गायक कुणी नवीन होता. आणि कव्हरावर गीतकाराच्या जागी छापले होते, 'पारंपरिक'. कंपनीचे नाव आम्ही इथे देत नाही, कारण हा एका कंपनीचा दोष नाही. आपण सर्वांनीच तो शब्द चालवून घेतला आहे. आम्ही त्या कंपनीला पोस्टकार्ड टाकले. उत्तर आले नाही.

मग आम्ही चोरबाजाराच्या फेऱ्या सुरू केल्या. मटण स्ट्रीटवर जुन्या तबकड्यांची दुकाने होती. आमच्याबरोबर एक हिंदू मित्र होता, लालबागचाच. दुकानदाराला आम्ही विचारले, "अमर शेखांची एखादी तबकडी आहे का, मराठी?" त्याने आम्हांला आपादमस्तक न्याहाळले आणि उर्दूत विचारले, "शेख साहब मराठी में गाते थे?" आमचा मित्र हसला. आम्हांला हसू आले नाही. कारण हाच प्रश्न आम्हांला आयुष्यभर दुसऱ्या बाजूनेही विचारला गेला आहे. साहित्याच्या एखाद्या सभेत बोलून खाली उतरलो की कुणीतरी भला माणूस जवळ येतो आणि कौतुकाने म्हणतो, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" जिथे तिथे आपण आपल्याच भाषेत पाहुणे. अमर शेखांच्या वाट्याला हे आले नव्हते असे नाही. पण जेव्हा ते मैदानात उभे राहत तेव्हा बेळगाव-कारवारसाठी रडणारा हा माणूस कोणत्या धर्माचा, हे विचारण्याची कुणाला सवड नव्हती. त्या गाण्याने त्या घटकेपुरते तरी सर्वांना एका मातीचे केले होते.

अम्मीचे म्हणणे

आता एक घरगुती आठवण. उमपांचे ध्वनिमुद्रण आम्ही प्रथम घरी लावले तेव्हा अम्मी सत्तरीला आली होती. तिने ते शांतपणे ऐकले. अब्बांना जाऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती. गाणे संपल्यावर ती म्हणाली, "गाणं ग्वाड हाय. पर मैनेनं तिकडं काय खाल्लं, ते न्हाई त्यात."

आम्ही निरुत्तर झालो. अकरा वर्षे तिने गावी भांगलण केली, दुसऱ्याच्या बांधावर मजुरी केली, मनिऑर्डर लांबली की शेजारणीकडून पायलीभर जोंधळे उसने आणले. मुंबईच्या मैदानात पुरुष तिच्यासाठी झुरत होता, त्याला शब्द होते, चाल होती, श्रोते होते. गावावर राहिलेल्या मैनेला जात्याखेरीज श्रोता नव्हता. अण्णाभाऊंचा मोठेपणा यात कमी होत नाही. त्यांच्या कथा-कादंबऱ्यांतल्या झुंजार बायका आठवल्या तर त्यांना हे ठाऊक होते हे कळते. पण या छक्कडीची दुसरी बाजू, मैनेची बाजू, अजून कुणी लिहायची आहे. आमच्या लेखिकांपैकी कुणी ते मनावर घेईल तर अम्मीचे ऋण फिटेल.

आता काय करायचे?

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर गिरणगाव हळूहळू विझत गेले. जिथे कोहिनूर मिल क्रमांक ३ होती तिथे दादरला काचेचा मनोरा उभा आहे. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे. ज्यांच्या तोंडी हे गाणे होते त्यांची मुले दिवा-विरार-पनवेलला गेली. भोंगा गेला, पाळी गेली, खानावळ गेली. म्हणजे गाणे निकामी झाले का? मुळीच नाही. आज मुंबईत नाक्यावर उभा असलेला मराठवाड्याचा, बिहारचा, ओडिशाचा बांधकाम मजूर आपली मैना गावावरच ठेवून आला आहे. त्याच्या हातात मोबाइल आहे एवढाच फरक.

अण्णाभाऊंना उशिरा का होईना मान मिळाला. २००२ साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले, २०२२ साली मॉस्कोत पुतळा उभा राहिला. १९५८ साली दादरच्या बंगाली हायस्कूलमधल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात, पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलितांच्या आणि कामकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे असे त्यांनी बजावले होते. ते आज शाळेतला मुलगाही सांगतो. अमर शेखांच्या नावे मुंबई विद्यापीठात अध्यासन आहे. 'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे कवितासंग्रह ग्रंथालयांत आहेत. पण किती घरांत त्यांचे नाव घेतले जाते? निदान मराठी मुसलमानांच्या किती घरांत?

आमची मागणी मोठी नाही. जो कुणी ही छक्कड गाईल त्याने ती पुरी गावी. आज मोबाइलवर मिनिटांचे बंधन नाही, लाखेची तबकडी आड येत नाही. आता कापायला कारण उरलेले नाही. जो कुणी ती मुद्रित करील त्याने 'पारंपरिक' हा शब्द खोडून 'अण्णाभाऊ साठे' हे नाव घालावे. जो निवेदक ती सादर करील त्याने तिच्या पहिल्या गायकाचे नाव घ्यावे, आणि घ्यायचे तर पुरते घ्यावे : बार्शीच्या मुनेरबीचा मुलगा मेहबूब हुसेन पटेल, म्हणजे शाहीर अमर शेख.

गेल्या बकरी ईदला नातवंडे जमली होती. धाकट्याने मोबाइलवर 'माझी मैना' लावली आणि दोन कडव्यांनंतर पुढचे गाणे लावायला बोट सरसावले. आम्ही त्याचा हात धरला. म्हटले, "थांब बेटा, अजून संपलं नाही." सगळे शेवटपर्यंत ऐकत बसले. संपल्यावर त्याने विचारले, "दादा, उंबरगाव कुठं आहे?" आम्ही नकाशा काढला.